मेल सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या ओएसवर उतरवताना: पत्रं परत येतात, नंबरांचं काय?

प्रश्न असा आहे: जळगाव एमआयडीसीतल्या एका दालमिलचं ऑफिस. ३५ मेल खाती, सेंटओएस ७ या लिनक्सवर पोस्टफिक्स (पत्रं पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (ती साठवून पीसींना दाखवणारा), साठवण मेलडिर पद्धतीची, खात्यांची यादी मारियाडीबी या डेटाबेसात. बुधवारी दुपारी डिस्क गेली. शेवटचा पूर्ण बॅकअप रविवारी रात्रीचा, १४० जीबीची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं), नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या मशीनवर, शाबूत आहे. नव्या मशीनवर डेबियन १२ चढवलंय. ही टार सरळ रूटवर, म्हणजे डिस्कच्या मुळाशी, सोडली तर चालेल का, आणि दोन तासांत मेल सुरू होईल का?

भाऊ, दोन्ही प्रश्नांना उत्तर 'नाही' असंच आहे. पण दोन तासांची गरजही नाही. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला समोरचा सर्व्हर लागलाच नाही, तर तो पत्र स्वतःकडे रांगेत ठेवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. हार मानण्याआधी निदान ४-५ दिवस थांबावं असा प्रघात आहे. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची असते. म्हणजे बुधवारी बंद पडलेला सर्व्हर शनिवारी उभा राहिला, तरी बाहेरून येणारं बहुतेक सगळं येऊन पोचतं. उलट अर्धवट तयार सर्व्हर उघडला आणि त्यानं 'असा कोणी इथे नाही' म्हणून ५५० चं उत्तर दिलं, की पत्र त्याच क्षणी माघारी जातं. ते पुन्हा येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे नव्या मशीनच्या फायरवॉलवर २५ नंबरचं पोर्ट (बाहेरची पत्रं येतात तो दरवाजा) बंद करणं. त्याच्याबरोबर ११०, १४३, ५८७, ९९३ आणि ९९५ ही पोर्टंही बंद ठेवा. ती का, ते पुढे येतंच.

दुसरं काम सर्व्हरवरचं नाही, ऑफिसात फिरून करायचं आहे. प्रत्येक पीसीवरचं आउटलुक आत्ताच ऑफलाइन करा. सोमवार ते बुधवार दुपारपर्यंतची पत्रं आता फक्त त्या पीसींवर उरली आहेत. आयमॅपवर (पत्रं सर्व्हरवर राहतात आणि पीसी त्यांची प्रत ठेवतो अशा पद्धतीवर) चालणारं आउटलुक रविवारच्या अवस्थेतल्या सर्व्हरला जोडलं गेलं, की 'सर्व्हरवर ही पत्रं नाहीत, म्हणजे कोणीतरी पुसली' असं समजून ते स्वतःकडची प्रतही पुसून टाकतं. एकेक पीसीवर जाऊन त्या तीन दिवसांची पत्रं पीएसटी या आउटलुकच्या फाइलमध्ये काढून ठेवा. फोनवर मेल असेल तर तिथलं खातंही सिंक बंद करून ठेवा.

आता टार. तिच्यात तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत: जुन्या ओएसचे प्रोग्रॅम, सेटिंग आणि पत्रं. प्रोग्रॅम टाकाऊ आहेत, कारण ते सेंटओएसच्या लायब्ररींवर बांधलेले आहेत. सेटिंग वाचण्यापुरती कामाची. जशीच्या तशी उचलायची ती फक्त पत्रं आणि डेटाबेस. रूटवर टार सोडली, तर डेबियनची पासवर्ड फाइल, लायब्ररी, सर्व्हिसच्या फाइली यांवर सेंटओएसच्या फाइली चढतील आणि मशीन कदाचित पुन्हा बूटही होणार नाही. टार एका वेगळ्या डिरेक्टरीत उघडा आणि लागेल तेवढंच तिथून हलवा.

उघडण्याआधी दोन तपासण्या करा. सेंटओएस ७ मूळचं एक्सएफएस या डिस्क-फॉरमॅटवर बसतं आणि त्यात आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एकेक नोंद) लागतील तसे बनतात. डेबियन ईएक्सटी४ घेतं आणि त्यात आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण दर १६ केबीला एक. २०० जीबीच्या पार्टिशनला १ कोटी ३१ लाख होतात. मेलडिरमध्ये प्रत्येक पत्र ही एक वेगळी फाइल असते, तेव्हा टारमधल्या फाइली आधी मोजा आणि डीएफ कमांडला आय हा पर्याय देऊन मोकळे आयनोड बघा. ३५ खात्यांना बहुधा पुरतील, पण सिस्टीमच्या छोट्या पार्टिशनवर मेल ठेवणार असाल तर नाही. डिस्कवर जागा दिसत असूनही 'जागा नाही' असा एरर आला, तर त्याचं कारण बहुतेक हेच असतं.

दुसरी तपासणी म्हणजे टार कुठे उघडताय. विंडोज पीसीवर किंवा एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटच्या बाहेरच्या डिस्कवर ती उघडू नका. मेलडिरच्या फाइलनावात कोलन असतो, त्याच्यापुढे २, मग स्वल्पविराम आणि 'वाचलं', 'उत्तर दिलं' अशा खुणांची अक्षरं. विंडोजला नावात कोलन चालत नाही, त्यामुळे नाव बदलतं किंवा फाइलच गाळली जाते. मग दहा वर्षांची सगळी पत्रं 'न वाचलेली' होऊन बसतात. लिनक्सवरच उघडा, रूट म्हणजे मुख्य युजर म्हणून, आणि टारला न्यूमेरिक ओनर हा पर्याय द्या. तो नसेल तर टार मालकाचं नाव बघून जुळवतो आणि नव्या मशीनवर त्याच नावाचा पण वेगळ्या नंबरचा युजर असेल, तर फाइली त्याच्या नावावर जातात. सेंटओएसवर पोस्टफिक्स ८९ नंबरचा आणि डव्हकॉट ९७ नंबरचा युजर असतो, डेबियनवर हे नंबर इन्स्टॉल करताना मिळतील ते. मेलच्या फाइलींचा मालक बहुतेक ठिकाणी व्हीमेल नावाचा ५००० नंबरचा युजर असतो. तो डेबियनवर आधी त्याच नंबरानं बनवा, ग्रुपही त्याच नंबरानं, मग टार उघडा.

हलवताना आरसिंक किंवा कॉपी कमांडला तारखा जपायला सांगा. आयमॅपमध्ये 'मिळाल्याची तारीख' म्हणून जी दिसते, ती मेलडिरमध्ये फाइलच्या बदलाच्या वेळेवरून घेतली जाते. ती गेली की २०१६ चं पत्रही आज आलेलं दिसतं. गेलीच असेल तरी सुधारता येते: फाइलनावातला पहिल्या टिंबापर्यंतचा आकडा ही सर्व्हरवर पत्र साठवल्याची वेळ असते, १९७० पासूनच्या सेकंदांत. १७०००००००० म्हणजे आपल्या वेळेनं १५ नोव्हेंबर २०२३ ची पहाट. त्या आकड्यावरून टच कमांडनं तारीख परत बसवणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. स्क्रिप्टमध्ये फोल्डरची नावं अवतरणात ठेवा. कोणी आउटलुकमध्ये 'तूर आवक' असं मराठी फोल्डर केलं असेल, तर डिस्कवर त्याचं नाव देवनागरीत नसून ॲम्परसँडनं सुरू होणाऱ्या सांकेतिक अक्षरांत असतं आणि अवतरण नसेल तर शेल त्या ॲम्परसँडवर कमांडचे दोन तुकडे करतं. हे नाव बिघडलंय असं समजून बदलायला जाऊ नका. आणखी एक: मेलडिरचे सगळे फोल्डर टिंबानं सुरू होतात, त्यामुळे तारांकन देऊन कॉपी केली तर इनबॉक्स येतो आणि पाठवलेली पत्रं मागे राहतात.

आता नंबरांकडे. ओएस बदलण्याच्या धांदलीत बहुतेकांचं इथेच चुकतं, आणि चूक दिसत नाही.

प्रत्येक फोल्डरमध्ये डव्हकॉट-यूआयडीलिस्ट नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्या पहिल्या ओळीत व्ही या अक्षरापुढे त्या फोल्डरचा वैधता-क्रमांक असतो आणि एन या अक्षरापुढे पुढच्या येणाऱ्या पत्राला मिळणारा नंबर. आउटलुक, थंडरबर्ड, फोन सगळे पत्र ओळखतात ते या दोन आकड्यांवरून, विषयावरून नाही. पॉप३ (पत्रं पीसीवर उतरवून घ्यायची पद्धत) सुद्धा तसंच, डव्हकॉटच्या मूळ सेटिंगमध्ये पत्राची ओळख याच दोन आकड्यांपासून बनते.

मुनीमजींचा पीसी पॉप३ वर आहे आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा'वर टिक आहे असं धरा. रविवारच्या बॅकअपमध्ये त्यांच्या इनबॉक्सचा एन २५०२२ होता. बुधवार दुपारपर्यंत ११८ पत्रं आली, शेवटच्या पत्राचा नंबर २५१३९. तुम्ही रविवारचा बॅकअप उतरवलात आणि सर्व्हर सुरू केलात. शुक्रवारचं पहिलं पत्र आलं, त्याला सर्व्हरनं नंबर दिला २५०२२. मुनीमजींचं आउटलुक म्हणतं, हा नंबर तर मी सोमवारीच उतरवलाय, आणि ते पत्र सोडून देतं. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. अशी ११८ नवी पत्रं सर्व्हरवर पडून राहतील आणि पीसीवर कधीच येणार नाहीत. ११९ वं मात्र येईल, त्यामुळे सगळं सुरळीत आहे असंच वाटेल. आयमॅपवर प्रकार वेगळा होतो: नव्या पत्राच्या ओळीवर क्लिक केलं की कधीकधी सोमवारच्या पत्राचा मजकूर उघडतो, कारण तो त्या नंबराखाली पीसीवर आधीच साठवलेला असतो.

उपाय सोपा आहे, पण सर्व्हर कोणालाही दिसण्याआधी करायचा असतो. सगळी पोर्टं बंद ठेवायला सांगितलं ते त्यासाठी. डव्हकॉट बंद ठेवा. प्रत्येक फोल्डरमधल्या डव्हकॉट-डॉट-इंडेक्स या नावानं सुरू होणाऱ्या आणि डव्हकॉट-डॉट-लिस्ट-डॉट-इंडेक्स या नावानं सुरू होणाऱ्या फाइली पुसा. मेलडिरमध्ये खुणा फाइलनावात असतात, म्हणून हे चालतं आणि इंडेक्स नव्यानं बनतात. (साठवण एमडीबॉक्स किंवा एसडीबॉक्स पद्धतीची असेल तर इंडेक्सला हात लावू नका, तिथे खुणा इंडेक्समध्येच असतात.) मग प्रत्येक यूआयडीलिस्टच्या पहिल्या ओळीतल्या एन मध्ये १०००० मिळवा: २५०२२ चा ३५०२२. तीन दिवसांत एका फोल्डरमध्ये इतकी पत्रं येत नाहीत, आणि नंबराची मर्यादा सुमारे ४२९ कोटी आहे, तेव्हा कंजूषपणा करण्यात अर्थ नाही. व्ही ला हात लावू नका. तो बदलला की प्रत्येक पीसी सगळी पत्रं पहिल्यापासून उतरवायला घेतो. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर ते निभतं, पण रावेर-सावद्याकडच्या खरेदी केंद्रावरून साध्या ब्रॉडबँडवर बसलेल्या माणसाचा दिवस जातो. शिवाय पॉप३ वाल्यांकडे प्रत्येक पत्र दोनदा येतं.

यूआयडीलिस्टबरोबर डव्हकॉट-कीवर्ड्स, डव्हकॉट-यूआयडीव्हॅलिडिटी आणि सबस्क्रिप्शन्स या फाइलीही जपा. मेलडिरसाइझ पुसली तरी चालते, कोटा (खात्यानं वापरलेली जागा) डव्हॲडम या डव्हकॉटच्या कमांडच्या रिकॅल्कनं पुन्हा मोजून घ्या. सगळं झालं की पूर्ण मेल डिरेक्टरीचा मालक एकदा ५००० करून टाका, कारण मध्ये रूटनं हात लावलेला असतो.

वेळेचा अंदाज: गिगाबिट नेटवर्कवर १४० जीबीची एकच फाइल आणायला आदर्श स्थितीत २०-२५ मिनिटं. पण तीच उघडून लाखो छोट्या फाइली लिहायला फिरत्या डिस्कवर काही तास लागतात, आणि त्या वेळात नॅस आणि नवं मशीन दोन्ही सतत तापतात. सर्व्हर पत्र्याच्या खोलीत असेल आणि महिना मे असेल, तर हे काम रात्री लावा. ४४-४५ अंशांच्या दुपारी तुमचा एकमेव बॅकअप तासन्‌तास वाचत बसणं परवडणारं नाही. टारची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मगच कामाला लागा.

सेटिंगचं बघू. डेबियनवर पॅकेज सुटी मिळतात. सेंटओएस ७ च्या पोस्टफिक्समध्ये मायएसक्यूएलचा आधार आतच होता. डेबियनवर पोस्टफिक्स-मायएसक्यूएल वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर लॉगमध्ये 'हा डिक्शनरी प्रकार माहीत नाही' अशी तक्रार येते. डव्हकॉटचेही आयमॅपडी, पॉप३डी, एलएमटीपीडी, मायएसक्यूएल आणि सीव्ह हे भाग वेगवेगळे आहेत.

पोस्टफिक्सची मुख्य सेटिंग फाइल, मेन-सीएफ, जुनी उचलून नव्या मशीनवर टाकू नका. तिच्यात डीमन-डिरेक्टरीची ओळ असते. सेंटओएसवर ती यूएसआर-मधल्या लिबएक्झेककडे बोट दाखवते, डेबियनवर प्रोग्रॅम यूएसआर-लिब-पोस्टफिक्स-एसबिनमध्ये असतात, आणि पोस्टफिक्स उठतच नाही. डेबियनची मेन-सीएफ तशीच ठेवून तिच्यात फक्त तुमचं असेल ते आणा: होस्टचं नाव, डोमेन, मायनेटवर्क्स (विश्वासातल्या आयपींची यादी), व्हर्च्युअल नकाशे (कोणतं खातं कुठे ते), सर्टिफिकेट आणि रोखण्याचे नियम. मास्टर-सीएफ डेबियनचीच राहू द्या, पण एक लक्षात असू द्या. तिथे एसएमटीपीडी (पत्रं आत घेणारा भाग) क्रूटमध्ये चालतो, म्हणजे त्याला फक्त स्पूल-पोस्टफिक्सच्या आतलंच दिसतं. डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट लिहिला तर तो सॉकेट (डेटाबेसशी बोलायची त्याच मशीनवरची फाइल) शोधतो आणि सॉकेट क्रूटच्या बाहेर असतं. तिथे १२७.०.०.१ लिहा. डव्हकॉटचं ऑथ सॉकेट स्पूल-पोस्टफिक्समधल्या प्रायव्हेट डिरेक्टरीत ठेवा आणि मेन-सीएफमध्ये त्याचा मार्ग सुरुवातीच्या तिरक्या रेषेशिवाय द्या. आणि डीबी या शेवटाच्या जुन्या फाइली आणू नका. त्यांच्या मूळ मजकुराच्या फाइली आणून पोस्टमॅप आणि न्यूअलायसेसनं नव्या बनवा.

डव्हकॉट २.२ वरून डेबियन १२ मधल्या २.३ वर येताय. नव्या मशीनवर डव्हकॉन्फ या सेटिंग दाखवणाऱ्या कमांडला एन आणि सी हे पर्याय देऊन जुनी फाइल वाचायला लावा, तो जुन्या ओळी बदलून दाखवतो. एसएसएल-प्रोटोकॉल्सच्या जागी किमान प्रोटोकॉलची ओळ येते, आणि डीएच या एन्क्रिप्शनच्या भागासाठी फाइलचा मार्ग द्यावा लागतो. मेल-लोकेशन ही पत्रांची जागा सांगणारी ओळ मात्र हातानं तपासा. डेबियनमध्ये ती मुळात एमबॉक्सची (फोल्डरची सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये) असते. ती बदलायची राहिली तर लॉगिन होतं, इनबॉक्स रिकामा दिसतो आणि सगळ्यांचा जीव खाली-वर होतो. पत्रं जागेवरच असतात, डव्हकॉट दुसरीकडे बघत असतो. जुनी साठवण यूएसआर-लोकलच्या खाली असेल तर ती व्हार किंवा एसआरव्हीमध्ये हलवा. डेबियनची सर्व्हिस फाइल यूएसआर फक्त वाचण्यापुरतं ठेवते आणि परवानग्या कितीही सैल केल्या तरी 'रीड-ओन्ली' हा एरर जात नाही. (डेबियन १३ घेण्याचा मोह या गडबडीत टाळा. त्यात डव्हकॉट २.४ आहे आणि त्याची सेटिंग फाइल जुन्याशी जुळत नाही, सगळी नव्यानं लिहावी लागते.)

मारियाडीबी ५.५ वरून १०.११ वर येताना डंप फाइल (डेटाबेसची मजकुराच्या रूपातली प्रत) असेल तर फक्त मेलचा डेटाबेस आत घ्या. मायएसक्यूएल नावाचा सिस्टीम डेटाबेस घेऊ नका, त्यातला युजर आणि हक्क हातानं पुन्हा द्या. डंप नसून नुसत्या कच्च्या डेटा फाइली असतील, तर त्या १०.११ समोर ठेवू नका. एका व्हर्च्युअल मशीनवर सेंटओएस ७ आणि ५.५ उभं करा, तिथे त्या फाइलींची प्रत सुरू करून डंप काढा. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे यम या पॅकेज आणणाऱ्या कमांडच्या यादीत मिररऐवजी व्हॉल्टचा (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याचा) पत्ता घालावा लागतो. पासवर्ड जसेच्या तसे चालतात. एसएचए५१२ चे हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) डेबियनला समजतात. खाती डेटाबेसऐवजी सिस्टीम युजर असती, तर शॅडो (पासवर्डच्या) फाइलमधल्या १००० किंवा त्यावरच्या युजर-नंबरांच्या माणसांच्या ओळी तेवढ्या जोडायच्या, पूर्ण फाइल नाही.

लेट्सएनक्रिप्टची (फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेची) डिरेक्टरी सिमलिंकसकट आणा, नाहीतर नूतनीकरण अडतं. डीकेआयएमची (पाठवलेल्या पत्रावरच्या डिजिटल सहीची) जुनीच किल्ली वापरा, म्हणजे डीएनएसला हात लावावा लागत नाही. स्थिर आयपी तोच ठेवा. बदलावाच लागला तर एसपीएफ (डोमेनची पत्रं कोण पाठवू शकतो ती नोंद) आणि इंटरनेट कंपनीकडची पीटीआर नोंद (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) आधी बदला, कारण पीटीआर नसेल तर जीमेल पत्र घेत नाही.

जुनी पोस्टफिक्सची रांग उतरवू नका. रविवारी रात्री रांगेत असलेली पत्रं सोमवारी निघून गेली असणार. ती परत टाकली तर व्यापाऱ्याला तेच बिल दुसऱ्यांदा जाईल.

तपासणी आतूनच करा. डव्हॲडमचं युजर आणि ऑथ टेस्ट एकेका खात्यावर चालवा, मग मेलबॉक्स स्टेटसनं आलेली संख्या आणि 'कर' आणि 'न्यू' या नावांच्या डिरेक्टरींतल्या फाइलींची संख्या जुळवा. लॉग शोधताना सेंटओएसची मेललॉग फाइल आठवेल. डेबियन १२ वर आरसिसलॉग (ती फाइल लिहिणारा प्रोग्रॅम) मुळात नसतोच, जर्नलसीटीएल कमांडनं बघा, आणि फेलटूबॅनलाही (चुकीचे लॉगिन करणारे आयपी रोखणाऱ्या प्रोग्रॅमला) जर्नल वाचायला सांगा. मग ९९३ फक्त एका पीसीसाठी उघडा. तो नीट चालला की बाकीचे. सगळ्यात शेवटी २५, आणि त्याआधी मेन-सीएफमध्ये सॉफ्ट-बाउन्स चालू करा. त्यानं ५५० सारखी कायमची नकारघंटा तात्पुरती होते. एखादं खातं राहून गेलं असेल तर पाठवणारा पुन्हा प्रयत्न करेल आणि तुम्हाला ते लॉगमध्ये दिसेल. एक दिवसानं तो बंद करायला विसरू नका.

काट्यावरचा किंवा गेटवरचा विंडोज ७ चा पीसी जोडला जाणार नाही, हे आधीच धरून चाला. डेबियन १२ टीएलएस (जोडणी गुप्त ठेवायची पद्धत) १.२ च्या खाली येत नाही आणि विंडोज ७ वरच्या आउटलुकला त्यासाठी अपडेट आणि रजिस्ट्रीतली नोंद दोन्ही लागतं. त्या एका पीसीसाठी सर्व्हरचं टीएलएस सैल करू नका. जुन्या स्कॅनरला मात्र अपडेट मिळत नाही. त्याचा आयपी मायनेटवर्क्समध्ये घालून आतल्या नेटवर्कवरून साध्या २५ वर पाठवू द्या.

आता ते तीन दिवस. सगळे पीसी जोडले गेले आणि नंबर नीट चाललेत याची एक दिवस खात्री झाली, की पीएसटीतली पत्रं आउटलुकमधून आयमॅपवर ओढून टाका. ती इनबॉक्समध्ये टाकू नका, 'सोम ते बुध' असा वेगळा फोल्डर करा. पॉप३ ला फक्त इनबॉक्स दिसतो, त्यामुळे मुनीमजींच्या पीसीवर तीच ११८ पत्रं नव्या नंबरांनी पुन्हा उतरणार नाहीत.